कालचा भाऊ आणि आजचा भाऊ

वृद्धापकाळीं मनुष्याची स्मृति ढळूं लागली आहे अशी शंका आली म्हणजे डॉक्टर त्यास कांहीं ठराविक प्रश्न विचारतात. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कोणत्या गांवीं आहांत. शंभरांतून सात वजा करा, उरतील त्यांतून पुन्हां सात. तीन शब्द सांगतों ते ध्यानांत धरा व थोड्या वेळानें परत सांगा. एकमेकांत अडकलेल्या ह्या दोन पंचकोनांची नक्कल करा. ३० गुणांची ही परीक्षा १९७५ सालीं अमेरिकेंत सिद्ध झाली व अद्यापि जगभर चालू आहे. आमच्या थोरल्या काकांची ती आमच्यादेखत घेण्यांत आली, तेव्हां आयुष्यभर शाळेंत गणित शिकविलेल्या त्या गृहस्थांना त्र्याण्णवाच्या पुढें जातां येईना, आणि तेवढ्यावरून आम्हां सर्वांना जें समजावयाचें तें समजलें. परंतु हाच कागद आमच्या भाऊपुढें ठेवला तर काय होईल? भाऊला विशीच्या ऐन उमेदींतहि शंभरांतून सात वजा करतां येत नव्हते. जें मुळांत कधीं नव्हतेंच, तें गेलें कीं काय हें कोणत्या परीक्षेनें ठरवावयाचें?

हा प्रश्न गेलीं चार वर्षें आमच्या घरांत आहे. आमच्या वाचकांपैकीं आणखी कांहीं घरांत तो आज असेल, किंवा उद्यां येईल, अशा समजुतीनें हें लिहीत आहों.

भाऊ हा आमचा सर्वांत धाकटा बंधु; जन्म १९६९ चा. डोळ्यांची ठेवण किंचित् तिरपी, मान आंखूड, तळहातावर एकच आडवी रेघ. डॉक्टरांनीं महिन्याभरांत ओळखलें, आणि वडिलांना बाजूस घेऊन "हा बारा-चौदा वर्षांपलीकडे जाईल असें धरूं नका" म्हणून सांगितलें. वडिलांनीं तें आईच्या कानावर पुष्कळ वर्षें घातलेंच नाहीं. डॉक्टरांना दोष देण्याचें कारण नाहीं. इंग्लंडांत १९२९ च्या सुमारास अशा मुलांचें सरासरी आयुष्य ९ वर्षांचें व १९४९ च्या सुमारास १२ वर्षांचें होतें, आणि तेच आंकडे त्या काळच्या डॉक्टरांच्या अभ्यासांत होते. पुढें जंतुनाशक औषधें आलीं, हृदयावरील शस्त्रक्रिया सुधारल्या, आणि आज पुढारलेल्या देशांत हेंच आयुर्मान साठीच्या आसपास गेलें आहे. आमचा भाऊहि पन्नाशी ओलांडून पुढें आला. पन्नाशीला काय वाट पाहत उभें असतें, हें मात्र बाराव्या वर्षाच्या चिंतेंत असलेल्या आमच्या आईबापांना कोण सांगणार?

ह्या स्थितीचें पहिलें व्यवस्थित वर्णन १८६६ सालीं जॉन लँगडन डाउन ह्या इंग्रज डॉक्टरांनीं केलें, म्हणून तिला डाउन सिंड्रोम हें नांव आहे. (त्यांनीं स्वतः दिलेलें नांव एका मानववंशावरून होतें, मंगोलियाच्या प्रतिनिधींनीं हरकत घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनें १९६५ सालीं तें टाकून दिलें, हें उचितच झालें.) कारण समजावयास मात्र पुढें ९३ वर्षें लागलीं. १९५९ सालीं पॅरिस येथें जेरोम लेज्यून, मार्त गोतिए व रेमाँ त्युर्पें यांनीं दाखवून दिलें कीं, ह्या मुलांच्या पेशींत २१ व्या क्रमांकाचें गुणसूत्र दोन ऐवजीं तीन असतात. आतां ह्याच २१ व्या गुणसूत्रावर एक असा जनुक आहे कीं, ज्याच्यापासून होणाऱ्या प्रथिनाचे तुकडे मेंदूंत साठून राहिले म्हणजे अल्झायमर नांवाच्या स्मृतिभ्रंशाला आरंभ होतो. त्या सांठ्याला अ‍ॅमिलॉइड म्हणतात. इतरांच्या शरीरांत ह्या जनुकाच्या दोन प्रती, भाऊसारख्यांच्या शरीरांत तीन; त्यामुळें हा सांठा त्यांच्या मेंदूंत फार लवकर जमूं लागतो, आणि चाळिशीपर्यंत बहुतेक सर्वांच्या मेंदूंत अल्झायमरच्या खुणा उमटलेल्या असतात. खुणा उमटणें निराळें व मनुष्य विसरूं लागणें निराळें. दोहोंत वर्षांचें अंतर पडतें, आणि प्रत्यक्ष स्मृतिभ्रंश सरासरीनें पन्नाशीच्या मध्यास येतो. परंतु जे तेथवर जगतात त्यांच्यापैकीं फारच थोडे त्यांतून सुटतात. १९९८ सालीं ७८ वर्षांच्या एका बाईंची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांना डाउन सिंड्रोम होता, परंतु स्मृतिभ्रंश नव्हता; तपासांतीं असें आढळलें कीं, त्यांच्या पेशींत तिसऱ्या गुणसूत्राचा एक भागच जादा होता व नेमका तो जनुक त्या भागांत नव्हता. ह्या एका अपवादानें कारणाची जितकी खात्री पटते, तितकी शंभर उदाहरणांनीं पटत नाहीं.

असो. शास्त्र येथवर स्वच्छ आहे. घोटाळा होतो तो पुढें, प्रत्यक्ष माणूस समोर बसल्यावर.

भाऊची दिनचर्या घड्याळाला लाजविणारी होती. पहांटे उठून अंगणांतला पारिजातक वेंचावयाचा. फाटकापाशीं टांगलेल्या पिशवींतून दुधाच्या पिशव्या आणावयाच्या. वर्तमानपत्राचीं पानें सुटीं करून चारी खोल्यांत ज्याचें त्यास नेऊन द्यावयाचीं, त्यांत व्यापाराचें पान थोरल्या दादांना व कोडें काकूंना, हें त्यास कोणी शिकविलें नव्हतें. दुपारीं देवाच्या वाती वळावयाच्या. जेवणाच्या वेळीं पानें मांडावयाचीं. संध्याकाळीं पुतण्यांशीं गुलामचोर खेळावयाचें व गुलाम आपल्या हातांत आला म्हणजे तो लपविण्याऐवजीं मोठ्यानें हंसावयाचें. बोलणें थोडें तोतरें, पण घरच्यांना सर्व कळे. असा मनुष्य घरांत असला म्हणजे घर त्याच्याभोंवतीं फिरूं लागतें, हें ज्यांच्या घरीं आहे त्यांस सांगावयास नको.

२०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेच्या महापुराचें पाणी आमच्या सांगलीच्या घरांत शिरलें व भाऊला घेऊन आम्ही मिरजेस बहिणीकडे जाऊन राहिलों. २०२० च्या अखेरीस आई गेली. त्यानंतर वर्षाच्या आंत भाऊमध्यें फरक पडूं लागला. जिन्याच्या पहिल्या पायरीशीं तो थबकूं लागला. पाय पुढें करी, पुन्हां मागें घेई, जणूं खालीं पाणी आहे. काळ्या-पांढऱ्या फरश्यांच्या ओटीवर काळ्या फरशीवर पाय देईना. स्नानाला चला म्हटलें कीं रागावूं लागला. भाऊचा राग हें आमच्या घरानें पाहिलेलेंच नव्हतें. मग एके दिवशीं वर्तमानपत्राचीं सगळीं पानें काकूंच्याच खोलींत सांपडलीं.

कारणांविषयीं घरांत जितकीं डोकीं तितकीं मतें निघालीं. थोरल्या वहिनींच्या मतें हा हट्ट होता. आईनें डोक्यावर बसविलेला मुलगा आतां तिच्यामागें हट्ट करणारच. काकू म्हणाल्या, "अहो, आई गेलीय त्याची. रडतां येत नाहीं म्हणून असं करतो तो." थोरले दादा पुराला दोष देत. पुतण्या मुंबईस असतो. त्यानें फोनवरून थायरॉईडची तपासणी करा म्हणून सांगितलें. शेवटीं आम्ही भाऊला एका डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं त्याच्या तोंडाकडे पाहिलें, आमच्याकडे पाहिलें, आणि "अशा पेशंटांत हें असंच चालायचं" असें म्हणून झोंपेची गोळी लिहून दिली.

हें "असंच चालायचं" फार घातक आहे. माणूस आधींच बुद्धीनें कमी असला म्हणजे त्याला जें कांहीं होईल तें त्या कमीपणाच्याच खातीं टाकावयाचें, अशी संवय सुशिक्षितांनाहि असते. मूळ व्यंगाच्या सावलींत नवी व्याधि झांकली जाते, अशा अर्थाचें स्वतंत्र नांव इंग्रजी वैद्यकांत ह्या प्रकाराला आहे. एवढा तो नित्याचा आहे. आणि ती सावली दोन्ही बाजूंनीं पडते. एकीकडे स्मृतिभ्रंश असून तो दिसत नाहीं. दुसरीकडे स्मृतिभ्रंश नसतां, "ह्यांना पन्नाशींत तो व्हावयाचाच" असें धरून बरी होणारी व्याधि तशीच राहूं दिली जाते.

दुसऱ्या बाजूचा अनुभव आम्हांला पुण्यास आला. तेथील ज्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे आम्ही २०२२ च्या पावसाळ्यांत गेलों, त्यांनीं पहिल्या भेटींत स्मृतीविषयीं एक अक्षरहि विचारलें नाहीं. रक्त तपासावयास पाठविलें, कान पाहिले, डोळे पाहावयास दुसरीकडे पाठविलें, रात्रीं घोरतो काय, झोंपेंत श्वास अडखळतो काय, मान दुखते काय, चालतांना पाय अडखळतात काय, हें विचारून घेतलें. डाउन सिंड्रोम असलेल्यांत थायरॉईड मंदावणें, ऐकूं कमी येणें, मोतीबिंदु लवकर येणें, झोंपेंत श्वास कोंडणें, मानेचे मणके सैल असणें, हीं सर्व सामान्य माणसापेक्षां पुष्कळ अधिक. आणि यांपैकीं प्रत्येक गोष्ट दुरून स्मृतिभ्रंशासारखी दिसते. ज्याला ऐकूं येत नाहीं तो सांगितलेलें करीत नाहीं. ज्याला नीट दिसत नाहीं तो पायरीला भितो. ज्याची रात्र श्वासाशीं झगडण्यांत जाते तो दिवसा पेंगतो. शोकाचीहि त्यांनीं नोंद घेतली, व काकूंचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हे असें सांगितलें. अशा माणसांचा शोक पुष्कळदां महिन्यांनीं वर येतो व शब्दांवाटे न येतां वागण्यावाटे येतो.

भाऊच्या दोन्ही कानांत मळाचे घट्ट खडे निघाले. थायरॉईड मंदावलेला निघाला. पुतण्याचा तर्क खरा ठरला, आणि तेव्हांपासून तो प्रत्येक गोष्टींत मत देऊं लागला आहे. उजव्या डोळ्यांत मोतीबिंदु होता. कान साफ झाले, थायरॉईडची गोळी सुरू झाली, दिवाळीच्या आधीं डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दोन-तीन महिन्यांत भाऊ पुन्हां जिना उतरूं लागला, गुलामचोर खेळूं लागला. घरांत सर्वांना हायसें वाटलें. परंतु वर्तमानपत्राचीं पानें चारी खोल्यांत गेलीं नाहींत तीं नाहींतच. अंगणांत पारिजातकाचा सडा पडे, आणि भाऊ परडी हातांत घेऊन त्याच्या कडेला उभा राही. परडीचें काय करावयाचें तें जणूं त्यास कोणी सांगितलें नव्हतें.

तेव्हां कोठें खऱ्या परीक्षेला आरंभ झाला. आणि ती परीक्षा भाऊपेक्षां आमचीच अधिक होती. डॉक्टरीणबाईंनीं समजावून सांगितलें तें असें. भाऊची तुलना इतर कोणाशींहि करावयाची नाहीं. शाळा शिकलेल्या म्हाताऱ्यांशीं नाहीं, तशीच डाउन सिंड्रोम असलेल्या दुसऱ्या कोणाशींहि नाहीं, कारण त्यांच्यांतहि कोणी लिहितो-वाचतो तर कोणाला दोन शब्द जुळवितां येत नाहींत. तुलना करावयाची ती भाऊच्याच उत्तमांतल्या उत्तम काळाशीं. ह्यासाठीं जे प्रश्नसंच आहेत, त्यांपैकीं एक बर्मिंगहॅमचे शौमित्र देब व त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं तयार केला. तो मनुष्याला विचारावयाचा नसून त्याच्याबरोबर राहणाऱ्याला विचारावयाचा. प्रारंभींच विचारतात, हा मनुष्य त्याच्या सर्वांत चांगल्या काळीं काय काय करूं शकत होता? पुढें एकेक लक्षण येतें, आणि प्रत्येकापुढें चार उत्तरें: पूर्वींपासून असेंच आहे, पूर्वींपासून आहे पण आतां वाढलें आहे, हें नवीन आहे, लागू नाहीं. पहिल्या व शेवटच्या उत्तराला गुण नाहींत, मधल्या दोहोंना आहेत. नांव चुकीचें घेतो? पूर्वींपासूनच घेत असे तर शून्य. गुंड्या लावतां येत नाहींत? कधींच येत नव्हत्या तर शून्य. पांच वर्षांपूर्वीं येत होत्या तर मात्र तो गुण मोलाचा. आम्हांस ही कल्पना फार आवडली. केंब्रिजकडेहि एक विस्तृत पद्धति आहे. तींत घरच्यांची लांब मुलाखत घेतात व शिवाय त्या माणसाला त्याच्या आवांक्यांतलीं लहान कामें करावयास सांगतात.

आतां गंमत पाहा. बाईंनीं आमच्या घरांतील चौघांना वेगवेगळें बसवून विचारलें, "भाऊ आपले आपण कपडे घालतात का?" चौघांनींहि एकमुखानें होय म्हटलें, आणि चौघेंहि खरेंच बोलत होतीं. मग त्यांनीं विचारलें, "कपडे कोण काढून ठेवतं?" तेव्हां निघालें कीं, थोरल्या वहिनी घालावयाच्या क्रमानें कपडे खुर्चीवर रचून ठेवतात, बनियन सर्वांत वर. गुंड्या सूनबाई लावतात, त्याहि जातां जातां, बोलतां बोलतां. चप्पल उलटी झाली तर दादा कांहीं न बोलतां सरळ करतात. आमच्या घरांतून स्नानाचें पाणी काढून, साबण हातांत देऊन, "आतां पाय," "आतां पाठ" असें दाराबाहेरून सांगत असतात. एवढें झाल्यावर भाऊ आपले आपण कपडे घालतो! घरीं परत आल्यावर सूनबाईंनीं एक दिवसभर मोजलें, तर सकाळपासून रात्रींपर्यंत अशीं तेवीस लहान-लहान साहाय्यें निघालीं, आणि त्यांपैकीं एकहि करणाऱ्याच्या लक्षांत नव्हतें.

एकत्र कुटुंबाचा हा गुण आहे. तेवीस हात पुढें येतात म्हणूनच भाऊसारखा मनुष्य येथें सुखानें राहतो. परंतु ऱ्हास मोजावयाच्या वेळीं तेच तेवीस हात पडद्यासारखे आड येतात. जेथें दोघेंच घरांत असतात तेथें नवें ओझें खांद्याला लगेच कळतें. आमच्याकडे तें अकरा जणांत विभागलें जातें, आणि प्रत्येकाच्या वांट्याला आलेला भाग इतका लहान कीं, त्याला कोणी ओझें म्हणत नाहीं. विलायतेंत अशा प्रौढांपैकीं पुष्कळ जण मदतनिसांच्या घरांत राहतात. मदतनीस बदलत जातात, आलेल्याला दहा वर्षांपूर्वींचा मनुष्य ठाऊक नसतो, म्हणून तिकडे सर्व कागदावर उतरवून ठेवण्याची शिस्त लागली आहे. तेथील मानसशास्त्रज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ यांच्या संस्थांनीं २०१५ सालीं असें सांगितलें कीं, प्रत्येकाची एक मूळ नोंद तिसाव्या वर्षापर्यंत करून ठेवावी. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय मार्गदर्शनांत, चाळिसाव्या वर्षापासून दर वर्षीं घरच्यांना विचारून ती नोंद ताडून पाहावी, आणि चाळिशीच्या आंत स्मृतिभ्रंशाचें निदान करतांना फार सावध राहावें, असें म्हटलें आहे. भाऊची तिशी १९९९ सालीं उलटली. आमच्याकडे माणसें होतीं, कागद नव्हता.

निदान आम्हीं तसें समजत होतों. मूळ नोंद म्हणून जुनें कांहीं आणतां आलें तर आणा, असें बाईंनीं सांगितल्यावर थोरल्या वहिनींना आईच्या जमाखर्चाच्या वह्या आठवल्या. त्या माळ्यावर असल्यामुळें पुरांतून वांचल्या होत्या. किराणा, दूध, भांडीवाल्या बाईंचा पगार, अशा ओळींच्या मधून-मधून आई भाऊविषयीं एखादें वाक्य टिपून ठेवी, तेंहि खर्चाच्याच रकान्यांत. १९८१: "भाऊनें गुंड्या आपल्या आपण लावल्या, वरखालीं झाल्या नाहींत." १९८७: "एकटा कोपऱ्यावरून पोस्टाचीं पाकिटें घेऊन आला, सुटे पैसे बरोबर." १९९४: "पेपर चारी खोल्यांत." थोरल्या वहिनी हट्टाच्या पक्षाच्या होत्या हें वर आलेंच आहे, त्या वह्या वाचून दाखवितांना मध्येंच थांबल्या, आणि पुढचें आम्हांला वाचावें लागलें. शिवाय २००१ सालच्या पुतण्याच्या मुंजीची चित्रफीत सांपडली. तींत भाऊ गुलाबदाणी घेऊन एकेका पाहुण्यापुढें जातो, शिंपडतो, नमस्कार करतो, आणि कोणाला चुकवीत नाहीं. बाईंनीं ती फीत तीनदां पाहिली. आमच्या चौघांच्या मुलाखतींपेक्षां त्यांना तिचा व वह्यांचा उपयोग अधिक झाला, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. कारण माणसाची आठवण आजच्या रंगांत भिजून येते, आणि १९८७ मधील सुटे पैसे तसे भिजत नाहींत.

निदान झालें. पुढें काय, हा प्रश्न दादांनीं विचारला, आणि तो अगदीं यथार्थ होता. औषधाचें म्हणाल तर आशा थोडी. मेमँटीन नांवाचें जें औषध इतरांना देतात, त्याची डाउन सिंड्रोम असलेल्या चाळिशीपुढील माणसांवर रीतसर चाचणी झाली व उपयोग दिसला नाहीं, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. अलीकडे अ‍ॅमिलॉइड धुऊन काढणारीं जीं नवीं औषधें गाजलीं, त्यांच्या मुख्य चाचण्यांत ह्या माणसांना घेतलेलेंच नव्हतें. ज्यांच्या मेंदूंत हा सांठा सर्वांत निश्चितपणें होतो, त्यांनाच चाचणीच्या दाराबाहेर ठेवावें, ह्यांतला न्याय आम्हांस कळलेला नाहीं.

मग दर सहा महिन्यांनीं मोजावयाचें तरी कशासाठीं? दादांचा पुढचा प्रश्न हाच होता. उत्तर आम्हांला हळूहळू मिळत गेलें. बाईंच्या सल्ल्यानें आम्ही दर सहा महिन्यांनीं, त्याच जागीं, त्याच वेळीं, भाऊच्या तीन कामांची मोबाईलवर चित्रफीत घेतों: चौघांचीं पानें मांडणें, पांच वाती वळणें, जिना चढून उतरणें. पहिल्या नियमाप्रमाणें त्या वेळीं कोणीहि हात पुढें करावयाचा नाहीं. हा नियम पाळणें काकूंना इतकें जड जातें कीं, त्यांना त्या वेळीं देवळांत पाठवावें लागतें. २०२३ च्या मार्गशीर्षांत भाऊनें चारी पानें मांडलीं, एक पेला विसरला. २०२४ मध्यें चारी वाट्या एकाच ताटांत ठेवल्या व समाधानानें मागें सरला. २०२५ च्या उन्हाळ्यांत ताट हातांत घेऊन उभा राहिला. वाती मात्र अजून होतात. बोटें स्वतःच्याच स्मरणानें चालतात. जिन्याची तिसरी फीत पाहून आम्ही भाऊची खोली खालीं आणली, काळ्या फरश्यांवर चटई अंथरली. हें पडल्यानंतर करण्यापेक्षां पडण्याआधीं झालें, तें मोजल्यामुळें.

तसेंच झटक्यांचें. ह्या व्याधींत पुढें फेंफरें येण्याचा संभव फार, आणि त्याची सुरुवात पुष्कळदां सकाळीं उठल्यावर हातांना बसणाऱ्या बारीक हिसक्यांनीं होते, हें बाईंनीं आधींच सांगून ठेवलें होतें. २०२५ च्या श्रावणांत सकाळच्या चहाचा कप भाऊच्या हातून दोनदां उडाला. सूनबाईंनीं वहींत लिहिलें, तारीख-वार घातला, मोबाईलवर टिपलें, आणि त्याच आठवड्यांत औषध सुरू झालें. पूर्वीं असतें तर "हातांतून सटकला" म्हणून आम्हीं फरशी पुसून घेतली असती. पाणी पितांना ठसका लागतो काय, हेंहि आतां रोज पाहावें लागतें. घांस श्वासनलिकेंत जाऊन फुप्फुसाचा दाह होणें हा ह्या रोगाच्या शेवटच्या टप्प्यांतला मोठा धोका आहे. भाऊ अजून तेथें पोंचलेला नाहीं, पण त्यास ताठ बसवून, लहान घांसानें, न बोलतां जेवूं घालावयाचें, ही शिस्त घरानें लावून घेतली आहे. एकत्र पंगतींत न बोलतां जेवणें किती कठीण, हें निराळें सांगावयास नको.

एक वाद मात्र कोणत्याहि प्रश्नसंचांत नव्हता. भाऊ मधून-मधून विचारूं लागला, "आई कुठं?" दादा सत्यवचनी, ते सांगत, "आई गेली रे, भाऊ." भाऊ प्रत्येक वेळीं प्रथमच ऐकल्यासारखा ओक्साबोक्शी रडे, आणि तासाभरानें पुन्हां विचारी. पुतण्यानें फोनवरून सांगितलें, बाजारांत गेली म्हणून सांगा. ह्यावर दादा संतापले, "ऐंशी वर्षांच्या घरांत आईच्या नांवानें खोटं बोलायचं?" दोन्ही बाजूंचें दुःख खरें होतें. तोड काढली ती काकूंनीं. भाऊनें विचारलें कीं त्या म्हणतात, "आईची आठवण झाली होय रे?" आणि आईचें जुनें हिरवें लुगडें त्याच्या मांडीवर ठेवतात. तो त्यावरून हात फिरवीत बसतो. यांत असत्यहि नाहीं व रोजचें मरणहि नाहीं. पुढें बाईंना हें सांगितलें तेव्हां त्यांनीं तें आपल्या वहींत लिहून घेतलें.

भाऊला स्वतःला काय समजतें, असें आम्हांला लोक विचारतात. निदानानंतर बाईंनीं त्याला समोर बसवून सांगितलें होतें कीं, तुमची आठवण आतां लवकर दमते, म्हणून घरचे मदत करतील. भाऊनें त्यांच्याकडे नीट पाहिलें व म्हणाला, "डोकं दमलं." त्यानंतर कांहीं जमेनासें झालें कीं तो हेंच दोन शब्द म्हणून काम आमच्या हातांत देत असे. अलीकडे हे शब्दहि थोडे मागें पडले आहेत. सूनबाईंनीं तें "नवीन" ह्या रकान्यांत लिहिलें आहे.

पुढची फीत मार्गशीर्षांत घ्यावयाची आहे. पानें मांडावयास त्याला पुन्हां उभें करूं नये, त्याला उगीच अपमान वाटतो, असें थोरल्या वहिनींचें म्हणणें. तीन कामांपैकीं एक गाळलें तर मागच्या फितींशीं ताळा कसा बसणार, असें दादांचें. वातींविषयीं वाद नाहीं. कापूस आणून ठेवला आहे.